पार्टिशनवरची डबलबारी

माझं माहेर गिरगावातलं. आमच्या घरी राजकारणावर बोलायचं तर आधी दार लोटून घेत असत. वडील सरकारी कचेरीत कारकून. मत कोणाला दिलं हे त्यांनी आईलाही कधी सांगितलं नाही, आणि आईने विचारलंही नाही, कारण तिला ते ठाऊकच होतं. अशा घरातून लग्न होऊन मी लालबागच्या चाळीत आले आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की इथे राजकारण पेटीवर वाजवतात आणि वर झांजेची साथ घेतात.

सासऱ्यांना मी बाबा म्हणते. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझ्या नवऱ्याचे काका, शेजारच्या खोलीत राहतात. तिला शेजारची खोली म्हणण्यातही फारसा अर्थ नाही. मुळात ती एकच लांब खोली होती. काकांचं लग्न ठरलं तेव्हा आजेसासऱ्यांनी मध्ये लाकडी पार्टिशन घातलं आणि गॅलरीत दुसरं दार पाडून घेतलं. पार्टिशन छतापर्यंत पोचत नाही. वर हातभर फट ठेवलीय, पंख्याचा वारा दोन्हीकडे जावा म्हणून. वाऱ्याबरोबर बाकीचंही जातं. काकींच्या कढईत काय पडलं ते मला कळतं आणि माझा नवरा कधी घोरायला लागला ते काकींना.

दोघे भाऊ मूळचे मालवणकडचे, तरुणपणी एकाच गिरणीत कामाला. गिरणी बंद पडल्यावर बाबा एका बँकेत शिपाई झाले आणि काका कुरिअरच्या पिशव्या वाहायला लागले. पण विचारलं तर दोघेही स्वतःला भजनीबुवाच म्हणवून घेतात. नोकऱ्या त्यांनी पोटासाठी केल्या आणि गळे डबलबारीसाठी राखून ठेवले.

डबलबारी म्हणजे काय हे मला गिरगावात कोणी सांगितलं नव्हतं. भजन म्हणजे डोळे मिटून, हळू आवाजात, प्रसाद मिळेपर्यंत करायची गोष्ट, अशी माझी समजूत. इथे दोन बुवा समोरासमोर बसतात, प्रत्येकाची पेटी, प्रत्येकाचा पखवाज, मागे कोरस धरणारे. पहिला बुवा अभंग म्हणतो आणि अभंगाच्या आडून समोरच्याला चिमटा काढतो. मग समोरच्याची बारी. तो त्याच चालीत उत्तर देतो आणि जाता जाता एक चिमटा जास्तीचा काढतो. शेवटी गजर, तोही एवढ्या वरच्या पट्टीत की देव झोपलेला असेल तर दचकून उठावा. देवाचं नाव घेत घेत हे लोक एकमेकांची अशी काही सालटी काढतात की मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मारामारी होणार म्हणून चपला शोधायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "गो बस! संपली की गळ्यात गळे घालतले." आणि खरंच, गजर संपल्यावर दोन्ही बुवांनी एकमेकांना मिठी मारली. बारीत म्हटलेलं बारीतच ठेवायचं, घरी न्यायचं नाही, असा तिथला नियम. मला तो फार आवडला. माझ्या माहेरी काहीच मोठ्याने म्हणत नसत आणि सगळं घरी नेत असत.

आमच्या चाळीच्या मंडळात काका बुवा आणि बाबा त्यांच्या पेटीवर. बाहेरच्या मंडळाशी बारी असली की दोघे एका बाजूला, आणि चाळीच्या उत्सवात गंमत म्हणून एकमेकांसमोर. हे वर्षानुवर्षं सुखाने चाललं होतं.

मग त्या पक्षाचे दोन तुकडे झाले. ज्या पक्षासाठी दोघांनी मिसरूड फुटल्यापासून भिंती रंगवल्या, पोस्टरांसाठी खळीच्या बादल्या उचलल्या, शिवाजी पार्कच्या सभांना गळा बसेपर्यंत घोषणा दिल्या, तोच पक्ष एके दिवशी टीव्हीवर दोन ठिकाणी दिसायला लागला. एक गट मूळ घरात राहिला, दुसरा बाहेर पडला. बाबा राहिलेल्यांचे, काका बाहेर पडलेल्यांचे. प्रत्येक गट म्हणत होता की खरा पक्ष आम्हीच. चाळीत लगेच त्याची नक्कल सुरू झाली आणि खरं भजन मंडळ कोणाचं यावर मजल्यामजल्यावर बैठका झाल्या. मंडळाचं नाव लिहिलेला मखमली पडदा दोघांनाही हवा होता. शेवटी निकाल लागेपर्यंत तो खालच्या मजल्यावरच्या पखवाजवाल्याच्या बायकोकडे ठेवायचं ठरलं. तिने तो पापडांच्या डब्यांवर झाकला. निकाल अजून लागलेला नाही आणि पापडांना मुंगी लागलेली नाही.

बाकीच्या सामानाची वाटणी मात्र तिथल्या तिथे झाली. पेटी बाबांकडे आली. पखवाजवाला, त्याच्या पखवाजासकट, काकांकडे गेला. म्हणजे एकाकडे सूर आणि दुसऱ्याकडे ताल, आणि दोघांनाही वाटत होतं की आपली बाजू भक्कम आहे. बाबांनी माझ्या नवऱ्याकडून मोबाइलमध्ये पखवाजाचं ॲप घालून घेतलं. ते फुकटातलं होतं, त्यामुळे ऐन रंगात आलं की पखवाज थांबून एक बाई गोड आवाजात विचारायची, "तुम्हाला कर्ज हवंय का?" पार्टिशनपलीकडून काकांचं हसणं ऐकू यायचं. काका पेटीशिवाय गात, त्यामुळे त्यांचा सूर कधी या गल्लीत, कधी त्या गल्लीत. मग बाबा इकडून पेटीची एकच पट्टी खवचटपणे दाबून धरत.

हे हसणं आणि ही पट्टी एवढंच त्यांच्यात उरलं होतं. दोघांचं बोलणं बंद झालं. भांडण नेमकं कशावरून झालं हे विचारू नका. मंडळाच्या शेवटच्या बैठकीत बाबा काकांना गद्दार म्हणाले आणि काका बाबांना घरकोंबडा. बारीत असतं तर दोघांनी मिठी मारून सोडून दिलं असतं. पण हे बैठकीत, खुर्चीवर बसून, सुरावाचून म्हटलं गेलं, त्यामुळे ते घरी आलं.

पहिले काही दिवस मी निरोप्याचं काम केलं. "सूनबाय, तेका सांग..." असं बाबा म्हणायचे आणि मी पार्टिशनकडे तोंड करून सांगायची, जरी पलीकडच्याने मूळ वाक्य ऐकलेलं असायचं. एके दिवशी मी वैतागून म्हटलं, "तुम्ही दोघे बुवा ना? मग म्हणा की बारीत." मी रागाने म्हटलं होतं. त्यांनी ते मनावर घेतलं.

त्याच संध्याकाळी बाबांनी पेटी ओढली आणि पार्टिशनकडे तोंड करून सुरू केलं:

ज्याच्या अंगणात । वाढला खेळला ।
त्यासी विसरला । काय म्हणू ॥

 मग पखवाजावर थाप पडली आणि काकांचा खणखणीत आवाज फटीतून आला:

घरात बसून । भरे का रे पोट ।
धरावी रे वाट । कर्तव्याची ॥

सासूबाई भाकरी थापता थापता थांबल्या. नंतर माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. गॅलरीत लोक जमले. त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला पार्टिशनवरची डबलबारी सुरू झाली आणि चाळीतल्या चार घरांचे टीव्ही त्या वेळी बंद राहू लागले.

हळूहळू त्यात घरच्या गोष्टीही शिरल्या. बोलायचं नाही, पण सांगायचं तर असतंच. आमच्याकडे पाणी पहाटे येतं आणि काकांची झोप हलकी. एका पहाटे पलीकडून, पखवाजाशिवाय, अगदी भक्तिभावाने आलं:

नळा आले पाणी । झोपला श्रीहरी ।
रिकाम्या घागरी । कोण भरी ॥

श्रीहरी म्हणजे आमचे बाबा. ते उठले, घागरी भरल्या आणि सूड म्हणून चार दिवसांनी, काका-काकी बाहेर असताना गॅसवाला येऊन गेला त्या संध्याकाळी, ऐकवलं:

दारी आला गॅस । कुलूप त्या दारा ।
परत माघारा । गेला देवा ॥

"देवाक आता नळार बसवल्यानी ह्येंनी," सासूबाई म्हणाल्या. पण मी बघत होते, संध्याकाळ झाली की बाबा शर्ट बदलून पेटीपाशी बसायचे. पलीकडे सूर जुळवायला पखवाजाला कणीक लावल्याचा थपथप आवाज यायला लागला की त्यांचा चेहरा उजळायचा. दोन भावांमध्ये तेवढा एकच धागा राहिला होता, आणि तो आवाजाचा होता.

निवडणुका आल्या तशी गंमत वाढली. दोन्ही गटांनी प्रचाराच्या गाण्याला एकच चाल उचलली, सगळ्या लग्नांत वाजणारी. शब्द वेगळे, चाल तीच, ढोल तोच. एके संध्याकाळी परळच्या सिग्नलला दोन्ही गटांचे टेम्पो समोरासमोर अडकले. माझं ऑफिस तिथेच, जुन्या गिरणीच्या जागेवरच्या काचेच्या इमारतीत. मी बसस्टॉपवर उभी होते. दोन्ही भोंग्यांतून एकच चाल अर्धा ठेका मागे-पुढे वाजत होती. एका टेम्पोतला नेता अमर होत होता आणि दुसऱ्यातला त्याच सुरावर त्याला गाडत होता. रस्ता ओलांडणारी एक वरात थांबली. वरातीतल्या बायका दोन्ही टेम्पोंच्या मध्ये नाचून मोकळ्या झाल्या. घरी येऊन मी हे सांगितलं, तर बाबा म्हणाले, "चाल आमची." फटीतून लगेच पखवाजावर एक निषेधाची थाप आली.

निवडणूक झाली. निकालावर मी काही बोलत नाही. ज्यांना आनंद झाला त्यांनी फटाके वाजवले आणि ज्यांना झाला नाही त्यांनी धुराबद्दल तक्रार केली. बारी चालूच राहिली. पण त्यानंतर काकांचा आवाज घोगरा यायला लागला. गजरात जिथे ते सहज वर चढायचे तिथे आवाज फाटू लागला, मग ते वर चढायचंच टाळू लागले.

बाबा आधी खूश. "आवाज फाटलो तेचो! थंय जावन घोषणा दिल्यार आणखी काय होतला?" मग रोज तसंच ऐकू यायला लागलं तशी त्यांनी आपली पेटी एक पट्टी खाली आणली. कोणाच्या लक्षात आलं नाही असं त्यांना वाटलं. पलीकडच्या गळ्याला सोपं जावं म्हणून ते स्वतः खालच्या सुरात गात होते आणि वर शब्द मात्र पूर्वीसारखेच झोंबरे.

एका दुपारी काकी माझ्याकडे गॅलरीत आल्या. "गो, तुझ्या हापिसाच्या बाजूक ता हॉस्पिटल आसा मा?" काकांच्या घशात गाठ होती. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. गाठ साधी आहे की वाईट, ते काढून तपासल्यावरच कळणार होतं. आणि आवाज परत येईल का, आला तर कसा येईल, याचं वचन डॉक्टर देत नव्हते. "तुझ्या सासऱ्याक सांगू नको," काकी म्हणाल्या. काकांनीच तसं बजावलं होतं.

मी त्याच संध्याकाळी बाबांना सांगितलं. गिरगावच्या घरात मी बरीच गुपितं सांभाळली होती, आता मला आणखी एकही नको होतं. ऐकल्यावर बाबा पेटीच्या भात्यावर हात ठेवून बसले. आवाज गेला तर काका आपल्याशी बोलणार कसे, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होता, कारण तोच माझ्याही डोक्यात होता. या दोघांना साधं बोलणं येत नव्हतं. उद्या गाणंही गेलं तर त्या पार्टिशनची खरीच भिंत होणार होती.

मग त्यांनी अगदी हळू सूर धरला:

सोबतीस कोण । जाई वैद्याघरी ।
सांगावे सत्वरी । भक्तजना ॥

पलीकडून उत्तर आलं ते घोगऱ्या आवाजात, पण ताठ:

आहे माझा गट । आहे माझा पक्ष ।
नको तुझे लक्ष । देवराया ॥

गटाने तसं लक्ष दिलंही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी चाळीच्या दारावर फ्लेक्स लागला. 'लवकर बरे व्हा' अशी मोठी अक्षरं, वर नेत्यांचे फोटो, खाली शुभेच्छुकांचे फोटो आणि या गर्दीत कोपऱ्यात एका गोल चौकटीत काका, रेशनकार्डावरच्या जुन्या फोटोत. आजारी कोण आहे हे नीट बघितल्याशिवाय कळत नव्हतं. ऑपरेशनच्या दिवशी गटाची सभा होती, त्यामुळे हॉस्पिटलात कोणी आलं नाही. काकी, मी आणि माझा नवरा असे तिघेच गेलो.

तिघेच म्हटलं, पण बाहेरच्या बाकावर बाबा आधीच बसलेले होते. "बीपी तपासूक इलंय," ते म्हणाले. बीपी तळमजल्यावर तपासतात आणि आम्ही चौथ्या मजल्यावर होतो. काकांना स्ट्रेचरवरून नेलं तेव्हा ते बाबांच्या समोरून गेले. दोघांनीही छताकडे बघितलं. एकाला छताकडे बघण्यावाचून पर्यायच नव्हता, दुसऱ्याला होता.

गाठ साधी निघाली. हे कळलं तेव्हा काकी रडल्या, मी रडले आणि बाबा बीपीचं काहीतरी पुटपुटत जिन्याकडे गेले. जिन्याच्या वळणावर त्यांनी डोळे पुसलेले मी पाहिले. पण डॉक्टरांनी काकांना सक्त सांगितलं: निदान महिनाभर तोंडातून एक शब्द नाही. गाणं नाही, बोलणं नाही, कुजबुजही नाही. पुढे आवाज किती परत येतो ते नंतर बघू.

काका घरी आले आणि पार्टिशनपलीकडे अशी शांतता पसरली की काकींच्या घड्याळाची टिकटिक आमच्याकडे ऐकू यायला लागली. दिवेलागण झाली, बाबांनी शर्ट बदलला, पेटी ओढली आणि तशीच परत सारली. दुसऱ्या दिवशीही तेच. काकी सांगत होत्या की काका जेवत नाहीत, संध्याकाळ झाली की पार्टिशनकडे तोंड करून बसतात आणि पखवाजवाला आला तर त्याला हाताने परत पाठवतात.

"तुम्ही म्हणा ना," मी बाबांना म्हटलं. "त्यांना ऐकायला बंदी नाही."

"समोरसून उत्तर नाय, तर ती बारी कसली?" बाबा म्हणाले. "एकट्यान म्हटला तर ता कीर्तन."

कीर्तनाबद्दल त्यांचं मत चांगलं नाही. 

पण आणखी दोन-चार दिवसांनी एका संध्याकाळी ते उठले, शर्ट बदलला, पेटी उघडली आणि बाहेर पडलेल्यांना उद्देशून एक चांगला जहाल अभंग म्हटला. म्हणून झाल्यावर थांबले.  मग बाबा पेटीच्या दुसऱ्या अंगाला सरकून बसले, खाकरले आणि काकांसारखा आवाज काढून स्वतःलाच उत्तर दिलं. त्यात त्यांनी स्वतःला घरकोंबडा म्हटलं. स्वतःच्या गटाला आळशांचा बाजार म्हटलं. काकांच्या नेत्याला सूर्य म्हटलं आणि शेवटी त्याच्या नावाचा गजर केला, तोही कसर न ठेवता, घसा ताणून. सासूबाईंच्या हातातलं उलथणं खाली पडलं. माझ्या नवऱ्याने मोबाइल बाजूला ठेवला, जे आमच्या लग्नानंतर क्वचितच घडलंय.

मला हसू येत होतं. ज्या माणसाने त्या नेत्याचं नाव दोन वर्षं घरात उच्चारू दिलं नव्हतं, तो ते आता तीन सप्तकांत म्हणत होता. भावाची बारी बुडू नये म्हणून.

हे आम्हाला कळलं. चाळीला कळलं नाही. चाळीने एवढंच ऐकलं की निष्ठावंत म्हणून प्रसिद्ध असलेले बाबा तिकडच्या नेत्याचा गजर करतायत. रोज संध्याकाळी. मोठ्याने. आठवडाभरात बातमी कोपऱ्यापर्यंत गेली की हा माणूस फुटला.

मग एका संध्याकाळी दोन्हीकडचे एकाच वेळी आले. बाबांच्या गटाचा स्थानिक पुढारी, कपाळाला आठ्या घालून, आणि काकांच्या गटाचा, शाल आणि नारळ घेऊन. आमच्या दारात दोघे एकमेकांना आडवे आले. गॅलरी भरून गेली. मी दोघांनाही पाणी दिलं, कारण मला दुसरं काही सुचेना.

"स्वागत आहे तुमचं," शालवाला म्हणाला. "उशिरा का होईना, डोळे उघडले. शनिवारी मैदानात प्रवेश करून टाकू."

"कसला प्रवेश?" आठ्यावाला म्हणाला. "बाबा, हे काय ऐकतोय आम्ही? आयुष्य घातलंत तुम्ही पक्षात. उद्यापासून हे गाणं बंद. बंद म्हणजे बंद. नाहीतर शाखेत यायची तसदी घेऊ नका."

मला माहीत होतं, ती शाखा म्हणजे बाबांची संध्याकाळ, त्यांचे मित्र, त्यांची खुर्ची. ती खिडकीजवळ आहे आणि दुसरं कोणी तिच्यावर बसत नाही. बाबांनी पेटीकडे पाहिलं, मग पार्टिशनकडे.

"माझो भाव मुको झालोहा," ते म्हणाले. "तेची बारी मी घेतलंय. तेका उत्तर देवचा आसा, ता तेच्या बाजूनच देवचा लागतला. माझ्या बाजूचा तेच्या तोंडात कसा घालू?"

"म्हणजे तुम्ही आमच्यात येत नाही?" शालवाल्याने विचारलं.

"तुमच्यात माझो मेलेलो पाय येवचो नाय," बाबा म्हणाले. मग आठ्यावाल्याकडे वळून, "आणि गाणा बंद होवचा नाय. खुर्चेर कोणाक बसवचा ता बसवा."

दोन्ही पुढाऱ्यांना पहिल्यांदाच एकच गोष्ट कळली नव्हती. ते एकमेकांकडे बघत राहिले. बाबा पेटीपाशी बसले आणि सगळ्यांसमोर त्यांनी काकांची बारी सुरू केली. रागाने असेल, पण सूर चुकला. चांगलाच चुकला.

तेव्हा गॅलरीतली गर्दी बाजूला झाली आणि दारात काका उभे राहिले. गळ्याला मफलर, हातात पाण्याचा तांब्या, चेहऱ्यावर संताप. मला वाटलं भावाचं कौतुक वाटून आले असतील. छे! त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला, उंबरा ओलांडून दोन वर्षांत पहिल्यांदा आमच्या खोलीत पाऊल टाकलं आणि सरळ पेटीपाशी जाऊन बाबांचा हात पट्टीवरून उचलला. नंतर स्वतःचं बोट योग्य पट्टीवर ठेवलं, भाता ओढला आणि सूर धरून ठेवला. बाबांकडे असं बघितलं की माझ्या नावाने गायचं तर नीट गा.

बाबांनी त्या सुरात सूर मिळवला. काकांनी मान हलवली. मग हाताने खूण केली, आणखी जोरात. बाबांनी स्वतःलाच आणखी जोरात घरकोंबडा म्हटलं. काका समाधानाने डोलायला लागले. खालच्या मजल्यावरून पखवाजवाला न बोलावता वर आला आणि शालवाल्याला सरकवून बसला. पेटी आणि पखवाज पुष्कळ दिवसांनी एका खोलीत वाजले. गजर संपला तेव्हा शालवाल्याला काय करावं सुचेना. त्याने नारळ सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी त्याची दुसऱ्या दिवशी सोलकढी केली.

मिठी वगैरे काही झालं नाही. काका जसे आले तसे तांब्या घेऊन गेले. गजर संपला की गळ्यात गळा घालायचा हा नियम दोघांनाही आठवत होता, पण एवढ्या लोकांसमोर ते त्यांना जमलं नसावं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या दारावर थाप पडली. दार मीच उघडलं. बाहेर काका, काखेत रिकामी कळशी. त्यांनी एका बोटाने नळाकडे खुणावलं. अभंग म्हणता येत नव्हता, म्हणून स्वतः आले होते. मी मागे वळून बाबांना उठवणार, तोवर ते अंथरुणात उठून बसलेच होते. पेटी कोपऱ्यात बंद होती. त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही.

"येतंय, दादा," ते म्हणाले, आणि घागर शोधायला लागले.